डावा डोळा उघडेना

लेस्टरला वहिनींकडे पोहोचलो त्या रात्री चहा पुढे येण्याआधीच पुतण्याने विषय काढला. "काका, बाबांची गाडी काढून टाकतोय. सोमवारी सरकारी तपासणी आहे, त्यात ती नापास होणार. आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही."

वहिनी काही बोलल्या नाहीत. बडोद्याहून नेलेला लीलो चिवडो त्या डब्यात भरीत होत्या. त्यांचा हात तेवढा थांबला.

दादा गेला त्याला आता वर्ष झाले. सेवानिवृत्तीनंतर त्याने घेतलेली ही एकच चैन: दोन माणसांपुरती, लाल रंगाची, १९९० सालची जपानी मोटार. हिचे पुढचे दिवे दिवसा दिसतच नाहीत. ते बॉनेटच्या सपाटीत झाकलेले असतात आणि बटण दाबले की पापणी उघडावी तसे वर उठतात. विलायतेत चाळीस वर्षे पुरी झालेल्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. "हिची चाळिशी पाहायची आहे," असे दादा म्हणत असे. तेवढे त्याच्या नशिबी नव्हते.

रोग असा होता: उजवा दिवा टुणकन वर येई, डावा अर्ध्यावर येऊन थांबे, कधी जागचा हलतच नसे. "माझा डावा डोळा लवला तर शुभ म्हणायचे, हिचा लवत नाही त्याचे काय हो भाऊजी?" असे वहिनी हसून म्हणाल्या खऱ्या, पण त्या हसण्यात फारसा जीव नव्हता.

या उघडझाप दिव्यांची कुळकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या कॉर्ड ८१० या १९३६ सालच्या गाडीत ते पहिल्यांदा आले. गॉर्डन ब्यूरिग या रचनाकाराने दिवे पंख्यांच्या पोटात लपविले, मात्र ते वर काढायला डॅशबोर्डावर दोन हँडले होती. दोन्ही टोकांची दोन हँडले फिरवा, मग उजेड पाहा! १९६२ च्या लोटस एलानमध्ये हेच काम हवेच्या पोकळीने होई. पुढे विजेच्या मोटारी आल्या. या प्रकाराला केवळ नखरा म्हणता येणार नाही. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचेच सीलबंद दिवे लावण्याची सक्ती होती आणि दिव्याची उंचीही ठरलेली होती. नाक खाली हवे आणि दिवा वर हवा, हा पेच त्या काळी असाच सुटला. १९८३ नंतर तो नियम सैल झाला, पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे विचार पुढे आले आणि २००४ साली कॉर्व्हेट व लोटस एस्प्रि यांच्याबरोबर मोठ्या कारखान्यांतून ही पद्धत संपली. म्हणजे आता जे उरले आहे ते सारे म्हातारे आहे, माझ्यासारखेच.

शनिवारी सकाळी स्वेटर चढवून गाडीपाशी गेलो. पुतण्याने आतापर्यंत काय काय केले ते आधी विचारून घेतले. त्याने फ्यूज तीनदा बदलला होता. वास्तविक दोन्ही मोटारींना फ्यूज एकच. उजवी चालते आहे म्हणजे तो शाबूत आहे, हे उघडच होते. मग त्याने जुनी मोटार काढून भंगारवाल्याकडची दुसरी बसविली. तीही तशीच अडखळली. मग रिले बदलला. "आता सगळे वायरिंगच गेले आहे," हा त्याचा निकाल.

"आणि दिवा लागतो का?" मी विचारले.

"लागतो, पण जरा पिवळट."

हा पिवळट शब्द कानी पडताच मला धीर आला. दिव्याचा बल्ब आणि दिवा उचलणारी मोटार यांच्या तारा वेगळ्या असतात. दोघांना एकाच वेळी अशक्तपणा आला, तर दोघांचे जे सामाईक आहे तिथेच चोर बसला असला पाहिजे. मी त्याला डावीकडचा वळणाचा दिवा लावायला सांगितले. तो दर वेळी पेटला की डावा मोठा दिवा किंचित मंद होई. संशय पक्का झाला.

पुतण्याला मात्र पटेना. त्याने मोटारीचा जोड सोडविला, मीटर लावला आणि मला दाखविला: १२.४ व्होल्ट. "वीज तर पुरी येते आहे, काका!"

इथेच भले भले फसतात. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही. तारेचा एकच धागा शाबूत असला तरी तो बारा व्होल्ट दाखवील. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात आजव्याचे पाणी येई. नळ बंद असताना पाइप कसा टणक लागे. पण आत गंज साठला की तोटी उघडताच धार करंगळीएवढी. बंद नळावरून पाण्याची परीक्षा होत नाही. आमचे वडील कलाभवनात शिकलेले. उघड्या जोडावर मीटर लावणाऱ्या उमेदवाराला ते कारखान्याबाहेर चहा आणायला पाठवीत.

तेव्हा जोड परत बसविला. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटारीच्या काळ्या तारेवर धरून पुतण्याला बटण दाबायला सांगितले. मोटार अडखळली आणि मीटर ५.२ वर गेला. धन बाजूचे असेच मोजले तर केवळ ०.३. बॅटरीच्या बारापैकी पाच व्होल्ट परतीच्या वाटेवरच गडप होत होते! मोटारीत परतीची वेगळी तार शेवटपर्यंत नसते. गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट, आणि तारेचे टोक एका बोल्टाने त्या अंगाला कसलेले असते. मी एक जाड तार मोटारीपासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला धरली. दिवा खटकन उठला. पुतण्या दोन पावले मागे सरला.

बोल्ट सापडायला मात्र पाऊण तास गेला. डाव्या दिव्याच्या मागे, चिखलपट्टीच्या आतल्या अंगाला तो होता, आणि त्याच्या कड्याखाली लाल रंगाचा जाड थर! दादाने घेण्यापूर्वी गाडीला कधी तरी धक्का बसलेला असणार. दुरुस्ती करणाराने पत्रा रंगविला आणि तारेचे कडे रंगावरच कसून टाकले. रंग वीज नेत नाही. बोल्टाच्या आट्यांतून जी काय जाई तेवढ्यावर गाडी इतकी वर्षे चालली. मग तिथे गंज शिरला.

मग फ्यूज काढून ठेवला. हे विसरू नये. मोटार मध्येच फिरली तर दिव्याची दांडी बोटे चिरडते. पॉलिश कागदाने पत्रा उघडा पांढरा होईपर्यंत घासला, कडे घासले, दातेरी वॉशर घातला, कसले आणि वरून व्हॅसलीन लावले. आधी लावले असते तरी चालले असते, पण मला कोरड्या धातूवर धातू बसलेला बघायला आवडतो. पुन्हा मोजले तेव्हा ०.०८.

एक काम बाकी होते. दादाच्या वेळची मूळ मोटार पुतण्याने खोक्यात टाकून दिली होती. ती बिचारी निर्दोष. तिच्या रबरी टोपीखालची घुंडी हाताने फिरवून पाहिली, दात शाबूत होते. या मोटारी एकाच दिशेने फिरतात. अर्ध्या फेऱ्यात दिवा वर, उरलेल्या अर्ध्यात खाली. ती परत बसविली आणि भंगारवाल्याची खोक्यात ठेवली.

संध्याकाळी अंधार पडल्यावर वहिनींना बाहेर बोलावले. शाल गुंडाळून त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. पुतण्याने बटण दाबले. दोन्ही डोळे एकदमच उघडले आणि समोरच्या ओल्या भिंतीवर पांढरा उजेड पडला.

"पुन्हा मिटव," वहिनी म्हणाल्या. त्याने मिटविले. "आता पुन्हा उघड."

असे सातआठ वेळा झाले. बॅटरी उतरेल म्हणून मीच शेवटी नको म्हटले. सोमवारी गाडी तपासणीत पास झाली आणि तिथून परस्पर वहिनींना घेऊन पुतण्या समुद्रावर गेला. गाडी दोघांपुरतीच. मी घरी राहून चिवडा खाल्ला.