रक्त भरलं, मग गोळी कशाला? पेशीतल्या चिठ्ठ्यांची गोष्ट

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला आम्ही रेकॉर्डर घेऊन बसलो होतो. बाळंत होऊन चार महिने झालेल्या एका ताईंनी विचारलं, "उपकेंद्रावर तपासलं, रक्त साडेनऊचं बारा झालं. आता ती लाल गोळी कशाला? नुसतं मळमळतं." शेजारच्या दोघींनी माना हलवल्या. आशाताई म्हणाल्या, "घ्यायचीच. साठा भरायचा असतो." पण साठा म्हणजे कुठला, तो भरतं कोण, आणि रक्त भरलं तरी तो रिकामा कसा राहतो, हे तिथे कुणालाच नीट सांगता आलं नाही. आम्हालाही नाही. म्हणून आम्ही वाचलं, जाणत्यांना विचारलं, आणि आजचा कार्यक्रम त्यावरच आहे.

प्रश्न त्या एकट्या ताईंचा नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५७ जणींना रक्तक्षय निघाला. आपल्या महाराष्ट्रात ५४ जणींना.

आता थोडं आत जाऊ, पेशीच्या आत. तिच्या मधोमध केंद्रक असतं आणि त्यात डीएनए. डीएनए म्हणजे तलाठ्याकडचं मूळ दप्तर समजा. ते दप्तर कुणी घरी नेत नाही, आपण उताऱ्याची नक्कल काढून आणतो. पेशीही तेच करते. जे प्रथिन बनवायचं, तेवढ्याच मजकुराची नक्कल काढून केंद्रकाबाहेर पाठवते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. आपण तिला चिठ्ठी म्हणू. बाहेर रायबोसोम नावाचे कारागीर असतात. ते चिठ्ठी एका टोकाकडून तीन-तीन अक्षरं करत वाचतात आणि दर तीन अक्षरांना एक मणी ओवतात. अशी मण्यांची माळ पुरी झाली की झालं प्रथिन. कुठल्या तीन अक्षरांना कुठला मणी, हे शोधणाऱ्यांत आपले हरगोविंद खुराना होते. त्यासाठी १९६८ चं नोबेल त्यांना दोघांबरोबर वाटून मिळालं.

कोरोनाच्या काळात 'एमआरएनए लस' हा शब्द कानावर आला असेल. त्यातला एमआरएनए म्हणजे हीच चिठ्ठी. आपल्यातल्या बहुतेकींनी घेतलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन त्या जातीच्या नव्हत्या. पण पुण्यातल्या एका कंपनीने तशी लस तयार केली आणि २०२२ मध्ये तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली.

असं वाटतं की चिठ्ठी निघाली म्हणजे काम होणारच. तसं नसतं. मजुरांच्या हातात चिठ्ठी असली तरी मुकादम "थांबा" म्हणू शकतो. लोहाच्या बाबतीत पेशी नेमकं हेच करते.

लोह लागतं, पण पेशीत मोकळं फिरलं तर ते आतल्या नाजूक गोष्टी बिघडवतं. म्हणून जास्तीचं लोह ठेवायला पेशी एक कणगी बांधते. तिचं नाव फेरिटिन. चोवीस तुकडे जोडून केलेला हा पोकळ गोळा असतो आणि एका गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. ही कणगी म्हणजेच आशाताईंचा 'साठा'. पण लोहच नसताना कणग्या बांधत बसणं शहाणपणाचं नाही. आणि लोह आल्यावर दप्तर उघडून नक्कल काढायला बसलं तर तेवढ्या वेळात मोकळं लोह नुकसान करणार.

हॅमिश मन्रो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६०-७० च्या दशकांत उंदरांच्या यकृतावर याचा शोध घेतला. औषध देऊन नव्या नकला काढणं बंद पाडलं, तरी लोह दिल्यावर फेरिटिन वाढलंच. म्हणजे चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवलेल्या होत्या, फक्त थोपवून धरल्या होत्या. थोपवतं कोण, ते पुढे १९८७ च्या सुमारास उलगडायला लागलं. फेरिटिनच्या चिठ्ठीचं सुरुवातीचं टोक स्वतःवरच दुमडलेलं असतं, केसांत खोवायच्या आकड्यासारखं. लोह कमी असलं की एक राखणदार प्रथिन त्या आकड्यावर बसतं. चिठ्ठी फाडत नाही, नुसतं बसतं. कारागिराला वाचायला सुरुवातच करता येत नाही. लोह आलं की तोच राखणदार लोह आणि गंधकाची एक गाठ पोटाशी धरतो, त्याचा आकार बदलतो आणि तो आकड्यावरून सुटतो. याचा एक जोडीदारही आहे. लोह भरपूर झालं की पेशी त्या जोडीदाराची विल्हेवाटच लावते. चिठ्ठी मोकळी झाली की कणग्यांचं काम सुरू.

पुढचा भाग आम्हाला सगळ्यात आवडला. पेशीच्या भिंतीवर लोह आत ओढून घेणारे दरवाजे असतात. त्यांचीही चिठ्ठी असते. तिच्यावरही तसेच आकडे आहेत, पण सुरुवातीला नाही, शेपटीकडे. लोह कमी असलं की तोच राखणदार इथेही येऊन बसतो. शेपटीकडे बसल्यामुळे वाचायला अडचण येत नाही, उलट चिठ्ठी कातरली जायची ती वाचते. ती जास्त वेळ टिकते आणि जास्त दरवाजे बनतात. राखणदार तोच, कारण तेच. चिठ्ठीच्या डोक्याशी बसला तर काम बंद, शेपटीशी बसला तर काम चालू. टंचाईच्या दिवसांत कणगी बांधणं थांबतं आणि दरवाजे वाढतात.

आता रक्ताकडे येऊ. तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, सेकंदाला साधारण वीस लाख. प्रत्येकीत हिमोग्लोबिनचे कोट्यवधी रेणू असतात आणि दर रेणूत लोहाचे चार अणू. पेशी तयार होता होता आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. म्हणजे तलाठी कार्यालयच गेलं! नवी नक्कल निघणं बंद. तरी आधी काढून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर ती आणखी काही दिवस हिमोग्लोबिन बनवत राहते. मग आवरायचं तर चिठ्ठी वाचतानाच आवरावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

हिमोग्लोबिनमध्ये ग्लोबिन हे प्रथिन असतं आणि हीम हा लोह धरून ठेवणारा भाग. लोह नसलं तर हीम होत नाही. नुसतं ग्लोबिन बनत राहिलं तर त्याच्या गुठळ्या होऊन पेशी मरते. म्हणून हीम कमी पडलं की पेशीतलं एक नियंत्रक प्रथिन जागं होतं आणि रायबोसोमचं काम सुरू होण्याच्या पहिल्या पायरीवरच लगाम घालतं. उंदरांमधून हे प्रथिन काढून टाकून त्यांना लोह कमी दिलं, तेव्हा त्यांच्या तांबड्या पेशींत खरोखरच ग्लोबिनच्या गुठळ्या साचल्या. २००१ सालचा हा प्रयोग आहे. लोह कमी असलेल्या बाईच्या रिपोर्टवर 'पेशी लहान व फिकट' असं लिहिलेलं असतं, त्यामागे हा लगामही असतो. भाकरीचं पीठ कमी असलं की भाकरी लहान थापायची, तसंच ते. पेशीने केलेली ती काटकसर असते.

तर त्या ताईंच्या प्रश्नाकडे. लोह यायला लागलं की शरीर ते आधी मगजाकडे, रक्त बनवायला देतं. आठवडा-दहा दिवसांत नव्या तांबड्या पेशी वाढू लागतात आणि काही आठवड्यांत हिमोग्लोबिन चढतं. टंचाई असेपर्यंत राखणदार फेरिटिनच्या चिठ्ठीवर बसलेला असतो, त्यामुळे कणगी भरायची वेळ नंतर येते. हिमोग्लोबिन बारा झालं त्या दिवशी कणगी रिकामी असू शकते. तिथे गोळी सोडली, तर पुढच्या दोन-चार पाळ्यांतच रक्त पुन्हा उतरायला लागतं. म्हणूनच रक्त भरल्यावरही डॉक्टर साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. सरकारी कार्यक्रमातही गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक अशी ती दिलेली आहे. ताईंचे चारच महिने झाले होते.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. कणगीची मोजदाद करायला 'फेरिटिन'ची रक्ततपासणी असते. तिचा आकडा कमी आला तर साठा रिकामाच. पण अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असला की हा आकडा फुगतो, तेव्हा तपासणीच्या दिवशी आजारी असाल तर तसं सांगा. आणि प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियात ग्लोबिनच्या मूळ मजकुरातच चूक असते, तिथे गोळी वाढवून भागत नाही. नंदुरबार, गडचिरोली भागातल्या मैत्रिणींना सिकलसेलची तपासणी ओळखीची असेल. गोळी नीट घेऊनही रक्त चढत नसेल तर ती तपासणी मागून घ्या.

मळमळीचं म्हणाल, तर गोळी रात्री जेवणानंतर घेऊन बघा. चहा तिच्या तास-दोन तास आधी नको आणि नंतरही नको, चहा लोह अडवतो. लिंबू पिळलेलं पाणी चालेल, त्याने लोह जास्त शोषलं जातं. तरी त्रास थांबला नाही तर परस्पर गोळी बंद न करता नर्सताईंना सांगा, बदलून मिळते. त्या ताईंनी जाता जाता हळूच आणखी एक विचारलं होतं, शौचाला काळं होतं ते का. जे लोह शोषलं गेलं नाही ते बाहेर पडताना तसा रंग देतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.