मराठी ग्रंथपाठ आणि शोधयंत्र

संकेतस्थळावरील ग्रंथ वाचकाच्या डोळ्यांस दिसतो, म्हणून तो शोधयंत्रास सापडेलच असे नाही. शोधयंत्र आपल्या सूचीत अक्षराचे वळण नव्हे, तर त्यामागील संकेतांक नोंदविते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र संकेतांक लाभले. तथापि त्यानंतरही बराच काळ पुष्कळसा मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकित झाला, त्यांत देवनागरी वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. असा पाठ सूचीत निरर्थक रोमन अक्षरांचा पुंजका ठरतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे, हे पहिले कार्य होय.

रूपांतरानंतरही अडचण उरतेच. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ या शीर्षकातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, अथवा साध्या ‘र’पुढे हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना भेद जाणवत नाही; यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द भासू शकतात. संपूर्ण संग्रहात एकच रीत पाळणे म्हणूनच इष्ट.

लेखनभेदाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गाळले. परिणामी, ‘काही’ शोधणाऱ्या अभ्यासकास जुन्या पुस्तकातील ‘कांहीं’ हुलकावणी देऊ शकते. यावर उपाय म्हणून मूळ पाठच नव्या नियमांनुसार ‘सुधारण्याचा’ मोह संपादकास होतो. पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो अक्षम्यच. पाठ यथामूल ठेवून प्रचलित रूपे, लेखकाचे पूर्ण नाव आणि ‘ज्ञानेश्वरी’साठी ‘भावार्थदीपिका’ यांसारखी पर्यायी नामे पृष्ठाच्या शीर्षकात वा परिचयात्मक टिपणात द्यावीत.