दोन गाड्यांच्या मधलें गांव

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी सिंदेवाहीच्या स्थानकांत क्षणभर थांबते आणि निघून जाते. उतरलेलीं माणसें आपापलीं गांठोडीं उचलून वाटेला लागतात. नागपूरचा किंवा पुण्याचा एखादा गृहस्थ तेवढा फलाटावर उभा राहतो. त्यास येथें कोणी ओळखत नाहीं, न्यावयास कोणी आलेलें नाहीं, आणि पुढील गाडीस चार-पांच तासांचा अवकाश आहे. या चार-पांच तासांचें काय करावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. बहुतेक प्रवासी बांकावर बसून, वर्तमानपत्राची घडी डोक्याखालीं घेऊन, त्याचें उत्तर देतात.

समुद्रपर्यटन करणाऱ्यांपुढें हाच प्रश्न अधिक थाटानें उभा राहतो. ग्रीस देशांतील सांतोरिनी बेटाजवळ येणारीं मोठीं जहाजें किनाऱ्याला लागत नाहींत. तेथें एका प्राचीन ज्वालामुखीचें मुख समुद्रांत बुडालेलें असून त्यांतील पाणी अतिशय खोल आहे. जहाज मध्येंच थांबतें व उतारूंना लहान होड्यांनीं कड्याच्या पायथ्याशीं आणून सोडतें. वर फिरा नांवाचें गांव आहे. तेथें जाण्यास पांचशेंहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. नाहींतर खेंचर आहे, किंवा तारेवरून चालणारा पाळणा आहे. या बेटावर जहाजांची गर्दी इतकी वाढली कीं, २०२५ सालीं जहाजांनीं येणाऱ्या उतारूंची संख्या दिवसाला ८,००० पर्यंत मर्यादित करण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून ऐन हंगामांत येथें उतरणाऱ्या प्रत्येक उतारूवर वीस युरोंची पट्टी बसविण्यांत आली.

कंपनीनें नेमलेल्या वाटाड्याबरोबर जो जातो, त्याची मंडळी उशिरा परतली तर जहाज सहसा खोळंबतें. स्वतंत्र हिंडणाऱ्यासाठीं तें खोळंबत नाहीं. तरीहि कांहीं उतारू ही जोखीम पत्करतात. ते स्थानिक मोटारीनें पिर्गोससारख्या आंतल्या, टेंकडीवरील गांवीं जातात. वाटेंत त्यांना द्राक्षांचे मळे दिसतात; पण मांडव कोठें दिसत नाहीं. वेल जमिनीलगतच टोपलीसारखे गोल वळविलेले असतात आणि घड त्या टोपलीच्या आंत लपलेले असतात. बेटावर वारा भयंकर, पाऊस अगदीं थोडा. रात्रीचें धुकें आणि दंव यांवर वेल जगतो. पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट यांचें चित्र घरबसल्याहि पाहतां येतें. पण त्या बेटावरचा मनुष्य कसा जगला, हें तो टोपलीसारखा वेल एका क्षणांत सांगून जातो. गांव समजून घ्यावयाचें तर तेथील लोकांनीं पाण्याचा प्रश्न कसा सोडविला हें आधीं पाहावें, अशी ही साधी युक्ति आहे. आणि ती सिंदेवाहीसहि तंतोतंत लागू पडते, मात्र उलट्या बाजूनें. तेथें पाणी नाहीं म्हणून युक्ति करावी लागली. येथें तें एकदमच येतें आणि एकदमच जातें म्हणून.

सिंदेवाही हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. उत्तरेस नागभीड व तळोधी, दक्षिणेस राजोली व मूल. शेजारच्या एका स्थानकाचें नांव आलेवाही. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळांत हा लोहमार्ग अडीच फूट रुंदीचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो रुंद झाला. येथें प्रसिद्ध किल्ला नाहीं, मोठी यात्रा भरणारें क्षेत्र नाहीं. ताडोब्याच्या वाघांसाठीं निघालेले प्रवासी मोटारींतून झपाट्यानें पुढें जातात. "येथें काय पाहण्यासारखें आहे?" असें विचारलें तर गांवकरी प्रामाणिकपणें "कांहीं नाहीं" असें उत्तर देईल. त्याचा दोष नाहीं. प्रश्नच चुकलेला असतो.

त्याऐवजीं चहाच्या दुकानांत बसावें. विदर्भांत पोह्यांवर तर्री घेतात. तोंड पोळतें, पण बोलणें सुरू होतें. वडीलधाऱ्या माणसास "मामा", बरोबरीच्यास "भाऊ", वृद्ध स्त्रीस "माय" म्हटलें कीं परकेपणाचें निम्मे ओझें उतरतें. कानावर पडणारी भाषा झाडीबोली आहे. तींत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा पुष्कळदां 'र' होतो. 'पाणी' तें 'पानी' आणि 'डोळा' तो 'डोरा'. पुण्याकडील कांहीं सुशिक्षितांस हे उच्चार ऐकून हंसूं येतें. हा निव्वळ अडाणीपणा होय, आणि तो हंसणाऱ्याकडे असतो. या बोलीला स्वतःचे नियम आहेत, तिचा शब्दसंग्रह शेतीभातीनें समृद्ध आहे, आणि डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं तिच्या संशोधनास आयुष्य वाहिलें आहे. चहाचे पैसे देतां देतां एवढेंच विचारावें, "तळें कोणीकडे?" त्या प्रश्नास "कांहीं नाहीं" असें उत्तर या मुलखांत कोणी देऊं शकत नाहीं.

तळ्याच्या पाळीवर चढलें म्हणजे या प्रदेशाचें सारें गणित समोर मांडलेलें दिसतें. पूर्व विदर्भांत पाऊस कमी नाहीं. वर्षाकांठीं एक हजार मिलिमीटरांच्या वर सहज पडतो. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धान पेरलें, पऱ्हे उगवलें, बांध्यांत चिखल करून रोवणी झाली, येथपर्यंत आभाळ साथ देतें. पुढें भात निसवण्याच्या सुमारास हस्त नक्षत्र कोरडें गेलें, तर लोंब्या पोंचट राहतात आणि चार महिन्यांचा घाम वायां जातो. एका पाण्यासाठीं पीक जाऊं नये, तें एक पाणी हाताशीं असावें, एवढ्यासाठीं हीं तळीं आहेत. बारमाही बागाइताचा हा खटाटोप नव्हे.

रचनाहि पाहण्याजोगी असते. तीन बाजूंनीं जमिनीचा नैसर्गिक चढ, बहुधा वरच्या अंगास जंगल. चौथ्या, उताराच्या बाजूस मातीची लांबच लांब पाळ. पाळीच्या पोटांतून पाणी सोडण्याची वाट, तेथून निघालेला पाट, आणि एका कडेला जास्तीचें पाणी निघून जाण्यासाठीं सांडवा. त्या सांडव्याचें पाणी पुष्कळ ठिकाणीं खालच्या दुसऱ्या तळ्यांत जातें. लहान तळ्याला 'बोडी' म्हणतात; ती एकाद्याच शेतकऱ्याच्या शेताच्या डोक्यावरहि असते. पाळीवर उभें राहून एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत गेलेल्या बांध्या पाहिल्या, म्हणजे नकाशावांचून सर्व कळतें.

हीं तळीं कोणी बांधलीं? कोहळी समाजाचें नांव याबाबतींत मोठ्या आदरानें घेतलें जातें. जमिनीचा उतार डोळ्यानें हेरण्यांत त्यांचा हातखंडा होता. चांद्याच्या गोंड राजवटींत जो जंगल तोडून जमीन वहितीस आणील किंवा तळें बांधील त्यास ती जमीन इनाम मिळे, अशी परंपरा आहे. 'तुकूम' हें ग्रामनाम त्याच पद्धतीची आठवण देतें. इंग्रजी अमलांत मालगुजार आले आणि तळ्यांची देखरेख त्यांच्याकडे गेली. मालगुजारी १९५१ सालीं संपुष्टांत आली. तिच्यांत जुलूम होता, वेठ होती. ती गेली हें योग्यच झालें. परंतु तळीं सरकारजमा झालीं आणि दरवर्षीं पाळीवर माती टाकणारे हात मात्र कमी झाले. सरकारी दप्तरांत तीं 'माजी मालगुजारी तलाव' झालीं. लोकांनीं आद्याक्षरें घेऊन त्यांना 'मामा तलाव' करून टाकलें. पांच जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक असे मामा आहेत. त्यांतील पुष्कळांचें पोट गाळानें भरलें आहे, कांठानें बेशरमाचीं झुडपें माजलीं आहेत. गाळ सांचला कीं नुसती धानाचीच हानि होते असें नाहीं. मासे धरून आणि शिंगाडे लावून जगणाऱ्या ढिवर कुटुंबांचें ताटहि त्याच पाण्यावर वाढलेलें असतें. तळ्याच्या कांठीं जाळें विणीत बसलेला मनुष्य भेटला, तर त्याचें छायाचित्र काढण्यापूर्वीं त्याच्याजवळ पांच मिनिटें बसावें. या वर्षीं पाणी किती चढलें, मरळ मासा पूर्वीइतका मिळतो काय, हें तो सांगेल. असें ज्ञान कोणत्याहि प्रवासपुस्तिकेंत मिळत नाहीं.

तळ्यानंतर धान. सिंदेवाहीस अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे आणि भाताच्या कांहीं वाणांना या गांवाचेंच नांव मिळालेलें आहे. मात्र याच परिसरांतील सर्वांत गाजलेलें वाण प्रयोगशाळेंत जन्मलें नाहीं. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांची जमीन जेमतेम दीड एकर आणि शिक्षण नांवापुरतें. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या शेतांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षें पेरून पाहिल्या, आणि त्यांतून बारीक दाण्याचा, चवदार तांदूळ सिद्ध केला. त्या काळीं हातावरच्या घड्याळांत जें नांव लोकप्रिय होतें तेंच त्याला चिकटलें, एच.एम.टी. शहरांतील घराघरांत हा भात शिजतो; शिजविणारास दादाजींचें नांव क्वचितच ठाऊक असतें. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले, पैसा मात्र मिळाला नाहीं. सिंदेवाहीच्या बाजारांत पोत्यांतून उघडा ठेवलेला तांदूळ मुठींत घेऊन पाहणाऱ्यास ही हकीकत आठवावी.

येथवर सर्व सुखाचें आहे. आतां एक गोष्ट गंभीरपणें सांगितली पाहिजे. स्वतंत्रपणें हिंडणें याचा अर्थ वाटेल तिकडे जाणें असा या तालुक्यांत करतां येत नाहीं. सिंदेवाहीचें वनक्षेत्र ब्रह्मपुरी वनविभागांत मोडतें, आणि येथील वाघ राखीव उद्यानाच्या तारेआड नसतात. ते शेताच्या धुऱ्यापर्यंत येतात. मार्च-एप्रिलमध्यें पहांटे मोहफुलें वेंचणारीं आणि मे महिन्यांत तेंदूपानें तोडणारीं माणसें खालीं वांकून काम करतात. वांकलेला मनुष्य वाघास मनुष्य न वाटतां एकादें जनावर वाटतो, असें जाणते सांगतात. २०२५ सालच्या मे महिन्यांत याच तालुक्यांत तेंदूपानांस गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत प्राणास मुकल्या. त्यांना वाघाचें भय नव्हतें असें नाहीं. वर्षाच्या त्या थोड्या दिवसांत मिळणारी मजुरी सोडणें त्यांच्या संसारास परवडणारें नव्हतें.

म्हणून पाहुण्यानें सकाळीं उन्हें वर आल्यावर बाहेर पडावें आणि दिवस कलण्यापूर्वीं परतावें. पाळीच्या ज्या टोंकापुढें झाडी सुरू होते तेथेंच थांबावें. गुराख्यानें "पुढें जाऊं नका" म्हटलें तर कारण विचारीत बसूं नये. वाटाड्या टाळतां येतो, गांवकऱ्याचा सल्ला टाळतां येत नाहीं. आणि ज्या घरांत असा मृत्यु घडला आहे तें घर 'दाखवा' म्हणून कोणास सांगूं नये. वाघ पाहावयास आलेल्या शहरी मंडळींकडून हें अनवधानानें घडतें, आणि गांवाच्या मनांत तें फार दिवस सलतें.

आठवड्याचा बाजार त्या दिवशीं भरलेला असला तर उरलेला वेळ तेथें सहज जातो. बुरडांचीं सुपें-टोपल्या, सुकविलेले मासे, ऋतु असेल त्याप्रमाणें चारोळी, मोहफुलें किंवा पावसाळ्यांत उगवणाऱ्या, येथें 'सात्या' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अळंब्या. भाव उगाच पाडूं नये. ओंजळभर चारोळी गोळा करावयास किती चालावें लागतें, हें विकणारीस विचारलें म्हणजे भाव आपोआप रास्त वाटूं लागतो. दिवाळीनंतरचे दिवस असले तर भिंतींवर नाटकांचे मोठमोठे फलक दिसतील. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या होळीपर्यंत गांवोगांव फिरतात. प्रयोग रात्रीं उशिरा सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. शेतांत दिवसभर राबलेलीं माणसें पोराबाळांसकट मांडवांत बसतात. गडचिरोली जिल्ह्यांतील नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां कोठें शहरांतील नाट्यरसिकांचें इकडे लक्ष गेलें. पण नाटकासाठीं रात्रभर राहणें आलें, आणि पाहुण्याजवळ तर केवळ दुपार आहे.

गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधीं त्यानें स्थानकावर असावें. ती जहाजाइतकीच निष्ठुर असते. बुटांना पाळीची तांबडी माती लागलेली असेल, पिशवींत शेर-दोन शेर नवा तांदूळ असेल. बांकावर शेजारीं मूलला निघालेली एकादी म्हातारी बसलेली असेल आणि ती प्रथम विचारील, "कोनत्या गांवचे जी?" उत्तर दिल्यावर ती दुसरा प्रश्न विचारील, "तिकडं तळे हायेत काय?" पुण्या-मुंबईच्या पाहुण्यानें या प्रश्नास खरें उत्तर द्यावयाचें ठरविलें, तर गाडी राजोली सोडीपर्यंत तें पुरें होणार नाहीं.