कल्याणच्या बत्तीस तबकड्या

१९६५ साली कल्याणजवळ सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. चोवीस पूर्व-पश्चिम रांगेत, ६३० मीटर लांबीवर. उरलेल्या आठ उत्तर-दक्षिण, २५६ मीटरांत. माल ऑस्ट्रेलियाचा, तोही वापरलेला. सिडनीतल्या पॉट्स हिल इथे डब्ल्यू. एन. क्रिस्टियन्सन यांनी त्या सूर्यासाठीच उभारल्या होत्या. तिथे शिकायला गेलेल्या गोविंद स्वरूप यांना त्या आता काढून टाकणार असल्याचं कळलं, आणि त्यांनी त्या चक्क भारतासाठी मागून घेतल्या!

मागण्याआधी त्यांनी त्या पुरत्या पारखल्या होत्या. डोळ्यांना दिसणारा सूर्य कडेला मंद असतो. रेडिओ लहरींत मात्र काही तरंगलांबींवर कडाच उजळ दिसाव्यात, असं सिद्धांत सांगत होता. केंब्रिजच्या स्टॅनियर यांना ६० सेंटिमीटरवर तसं काही आढळलं नव्हतं. स्वरूप आणि आर. पार्थसारथी यांनी तबकड्या त्याच तरंगलांबीवर जुळवल्या, तर कडा उजळच निघाल्या.

याचं कारण सूर्याच्या बाह्य आवरणात, कोरोनात आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा, पण भोवतालचा हा विरळ वायू दहा लाख अंशांच्या घरात तापलेला. त्यातले सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांजवळून जाताना वळतात आणि रेडिओ लहरी सोडतात. चकतीच्या मध्यावर या वायूचा थोडाच थर आड येतो; कडेला दृष्टिरेषा त्यातून तिरकी, लांबवर जाते. शिवाय दाट थरांतून लांब लहरी सुटूच शकत नाहीत. तरंगलांबी वाढवत नेली की निरीक्षक सूर्याच्या वरच्या वरच्या थरांत पोचतो.

खवळलेला सूर्य आणखी बोलका. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडारांत गोंगाट माजला. शत्रूची करामत समजून जे. एस. हे यांनी शोध घेतला, तर उगम सूर्यात. पुढे टेक्सासात अ‍ॅलन मॅक्सवेल आणि स्वरूप यांना काही स्फोटांत कंप्रता आधी उतरून मग पुन्हा चढताना दिसली. वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीवरून विरळ वायूत वर जाऊन पलीकडे खाली येत होते. अदृश्य कमानीचा आकार असा हाती आला.

कल्याणच्या ६१० मेगाहर्ट्झच्या निरीक्षणांतही शांत सूर्याच्या कडा उजळलेल्या दिसल्या. पण तिथे काम करणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या तरुण चमूचा मुक्काम फार राहिला नाही. १९७० पर्यंत त्यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. सूर्यातून वाहणाऱ्या सौरवाऱ्यामुळे होणारी दूरच्या रेडिओ स्रोतांची लुकलुक तिच्यावर मोजून त्या वाऱ्याचा वेग काढला जाऊ लागला.