होडीवर पहिला पैसा कशावर? धरणातल्या मासेमारीसाठी परवडणारी उपकरणं



हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण मासेमारीचं पाणी आहे. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवर इसापूर धरण आहे, शिवाय गावोगावचे तलाव आहेत. रोहू, कटला, मृगळ विकून घर चालवणारी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता काही तरुण मुलं-मुली याच कामाकडे धंदा म्हणून बघतायत. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "सर, होडीला मासा शोधायचं मशीन बसवू का?"

माझं उत्तर एकच: आधी क्रम ठरवा. कोणतीही वस्तू घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू माणसाला घरी परत आणते का? पकडलेला मासा चांगल्या भावात विकायला मदत करते का? की जास्त मासा मिळवून देते? पैसे याच क्रमाने खर्च करा. बहुतेक जण उलटं करतात आणि कर्जाचे हप्ते फेडत बसतात.

आणि हो, तलावातल्या मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. सभासदत्व किंवा परवानगी पक्की झाल्याशिवाय एकही वस्तू घेऊ नका.

१. आधी जीव

लाइफ जॅकेट घेताना रंग बघू नका, आतला आकडा बघा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथेच चालतं. धरणासारख्या मोठ्या पाण्यात १०० न्यूटनचं घ्या. घेतल्यावर कमरेइतक्या पाण्यात घालून बघा, तोंड पाण्याच्या वर राहतं का. होडीत जितकी माणसं, तितकी जॅकेटं.

पहाटे अंधारात जाळं उचलायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून कपाळाला बांधायचा टॉर्च घ्या. त्यावर आयपी ६७ लिहिलेलं असेल तर तो एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी टिकतो. नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलं असेल तर दुकानदाराला हा आकडा विचारा.

आता फुकटातलं उपकरण. मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसं जातात, हे आपण दरवर्षी बघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप तुमच्या आसपासच्या विजांची सूचना देतं. त्याला नेटवर्क लागतं, म्हणून निघण्याआधी काठावरच बघा. पाण्यात असताना गडगडाट ऐकू आला तर ॲपची वाट न बघता काठ गाठा.

जीपीएसचं वेगळं यंत्र सुरुवातीला नकोच. मोबाइलचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, फक्त नकाशा घरी असतानाच उतरवून ठेवा. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवून ती गळ्यात अडकवा.

२. मग मासा

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. सकाळी सहाला काढलेला मासा दुपारी बारापर्यंत मऊ पडला की गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं आणि भाव पाडतं. म्हणून बर्फाची पेटी ही तुमच्या धंद्यातली सगळ्यात कमाऊ वस्तू आहे.

१० किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायलाच साधारण सव्वातीन किलो बर्फ लागतो. पेटीत शिरणारी उष्णता धरली तर उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ धरा. बर्फ फोडून एक थर बर्फ, एक थर मासा असं भरा. वितळलेलं पाणी खालून निघून जाईल अशी सोय ठेवा.

उदाहरणादाखल हिशोब करू, आकडे तुमचे टाका. रोज २० किलो मासा निघतो. त्यातला ४ किलो मऊ पडून १४० ऐवजी ६० रुपयांनी जातो. म्हणजे रोजचं नुकसान ३२० रुपये. बर्फाला १०० रुपये लागले तरी २२० वाचतात. पेटी ४,४०० ची असेल तर २० दिवसांत ती फिटली.

दुसरी वस्तू म्हणजे वजनकाटा. हातात धरायचा स्वस्त लटकता काटा स्वतःच्या अंदाजापुरता ठीक आहे. पण विक्रीसाठी वैधमापन विभागाची तपासणी आणि शिक्का असलेलाच काटा वापरा. व्यापाऱ्याला ठोक माल देतानाही आधी आपल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा.

३. शेवटी मासा शोधायचं यंत्र

मोबाइलवर दिसणाऱ्या बहुतेक होड्या कोकणच्या समुद्रातल्या असतात. तिथे माशांच्या थव्यामागे लांब जावं लागतं, डिझेल जळतं, म्हणून यंत्राचे पैसे निघतात. आपल्याकडे संध्याकाळी जाळं लावतात आणि पहाटे उचलतात, मासा स्वतः चालत जाळ्यात येतो. त्यामुळे पडद्यावर मासा दिसला म्हणून रात्रीचा माल वाढेलच असं नाही.

हे यंत्र पाण्यात आवाजाच्या लहरी सोडतं आणि त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतं. धरणात बुडालेली झाडं, खुंट, दगडही त्यात दिसतात. जाळं फाटू नये म्हणून हा उपयोग खरा आहे. पण त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: दोरीला खाली वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा आणि ठिकठिकाणी खोली मोजा. खुंट कुठे आहेत ते मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा. तरीही यंत्र हवं असेल तर आधी ओळखीतून मागून महिनाभर वापरा, आणि मालात काय फरक पडला तो लिहून ठेवा.

विजेचं गणित

यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. ती टिकायला हवी तर निम्मीच वापरा, म्हणजे ४२. ५ वॅटचा एलईडी दिवा त्यावर आठ तास चालतो. २० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसभरात ती परत भरतं. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज लावायला विसरू नका. बॅटरीवर चालणाऱ्या होडीच्या मोटारीला मात्र याच्या कितीतरी पट वीज लागते, म्हणून ती पहिल्या वर्षी नको.

सरकारी मदत

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरवलेलं आहे. ते सरकारने मान्य केलेल्या खर्चावर मिळतं, दुकानाच्या बिलावर नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात यंदा कशाला निधी आहे ते आधी विचारा आणि मंजुरीआधी खरेदी करू नका. याच योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे, मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५ लाख रुपये मिळतात. तुमच्या संस्थेने तुमचं नाव त्यात घातलंय का, एवढं या आठवड्यात विचारून घ्या. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्डही २०१८-१९ पासून मच्छीमारांना खुलं आहे.

आज एक काम करा. वहीत तीन रकाने आखा: जीव, माल, जास्त मासा. घ्यायच्या वस्तू त्यात लिहा आणि प्रत्येकीपुढे ती किती दिवसांत फिटेल ते मांडा. पहिल्या रकान्यापुढे मात्र दिवस मोजू नका, तो खर्च सगळ्यात आधी करून टाका.