पायीं गांठावयाचा मुक्काम

डोंगराच्या कुशींत तंबू ठोकून चार दिवस राहावें अशी हौस पुष्कळांना असते. पण तेथवर मोटार गेली पाहिजे, असाही आपला आग्रह असतो. मोटारीला मज्जाव केल्यानें काय साधतें, याचें एक उदाहरण आज सांगावयाचें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ईशान्येच्या टोकाला मेन नांवाचें संस्थान आहे. तेथील सर्वांत उंच पर्वत कटाडिन. उंची ५,२६७ फूट. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२१ ते १९२५ पर्यंत मेनचे गव्हर्नर होते. हा पर्वत सरकारनें घेऊन राखावा, म्हणून त्यांनीं पुष्कळ खटपट केली. विधिमंडळानें ती मानली नाहीं. तेव्हां अधिकार गेल्यावर त्यांनीं १९३० मध्यें पदरच्या पैशानें सुमारें ६,००० एकर जमीन विकत घेतली आणि १९३१ मध्यें ती संस्थानाला देऊन टाकली. अट अशी कीं, ही भूमि सदैव वन्य स्थितींत राहावी व तींत मोटारींसाठीं नवे रस्ते बांधूं नयेत. पुढें भर घालीत घालीत १९६२ पर्यंत हें दान २,००,००० एकरांवर गेलें.

या उद्यानांत पर्वताच्या पायथ्याशीं रोरिंग ब्रुक नांवाचा तळ आहे. तेथवर कच्च्या रस्त्यानें मोटार जाते, व तेथेंही तंबू ठोकतां येतो. परंतु रसेल पाँड या तळ्याकांठच्या मुक्कामीं जावयाचें, तर तेथून पुढें सुमारें सात मैल पायींच चाललें पाहिजे. वाटेंत दुकान नाहीं. मुक्कामावर वीज नाहीं, नळ नाहीं, कचऱ्याची पेटीही नाहीं. जें नेलें, त्याचा कचरा आपणच परत आणावयाचा.

असें असल्यामुळें खरी तयारी घरींच होते. प्रत्येक वस्तु पाठीवर घ्यावयाची, म्हणून ती हवीच का, हें विचारावें लागतें. कांहीं गोष्टींत मात्र काटकसर करूं नये. भर उन्हाळ्यांतही तेथें भिजलेला मनुष्य वाऱ्यानें गारठतो. सुती कपडे भिजले कीं ऊब देत नाहींत, म्हणून लोंकरीचा एक सदरा कोरडा राखावा. झऱ्याचें पाणी कितीही स्वच्छ दिसो, उकळल्यावांचून पिऊं नये. त्या रानांत काळीं अस्वलें आहेत; खाण्याचे पदार्थ तंबूंत न ठेवतां दूर झाडाला उंच टांगावे. तंबू नेमून दिलेल्या जागींच ठोकावा, आणि त्यावर वाळलेली फांदी लोंबत नाहीं ना, हें आधीं पाहावें.

कोणी विचारील, वृद्धांनीं व अधूंनीं काय करावें? प्रश्न रास्त आहे. रोरिंग ब्रुकचा तळ त्यांना मोकळा आहे. पण रसेल पाँडची रात्र त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या वांट्याला येणार नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. बॅक्स्टर यांच्या अटीची ती किंमत आहे. उलट रस्ता तेथवर गेला, तर त्यामागून दुकानें येतील, दिवे येतील, आणि ज्या शांततेसाठीं जावयाचें तीच कोणाला मिळणार नाहीं. सात मैलांची चाल हाच त्या तळ्याचा पहारेकरी आहे.

बॅक्स्टर १९६९ मध्यें वारले. उद्यानाच्या देखभालीसाठीं त्यांनीं मागें निधिही ठेवला. पर्वत विकत घेणारे धनिक इतरही असतील. परंतु घेतलेला पर्वत सर्वांचा करून, तो तसाच राहावा एवढेंच मागणें मागणारा विरळा. आपणही कोठें डोंगरांत मुक्कामाला गेलांत, तर उठतांना जागा न्याहाळून पाहा. आपण तेथें राहिलों होतों, हें मागून येणाऱ्याला कळूं नये.