दिव्यामागचा कोळसा

आम्ही शाळेत शिकवीत होतो, तेव्हा मुले विचारीत, "गुरुजी, वीज येते कुठून?" मोठ्या माणसांनीही हे जाणून घ्यावे. म्हणून इथे सांगतो.

आमच्या मीरा-भाईंदरला वीज देणारी कंपनी जुनी आहे. 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' या नावाने ती १९२९ साली निघाली. लोक तिला बी.एस.ई.एस. म्हणत. पुष्कळ वर्षे तिचे स्वतःचे वीजघर नव्हते. ती टाटा कंपनीकडून वीज विकत घेई आणि उपनगरांत घरोघर पोचवी. पुढे विजेची गरज वाढली. मग कंपनीने डहाणूला कोळशावर चालणारे वीजघर बांधले. १९९५ साली तिथे वीज तयार होऊ लागली. त्याची ताकद ५०० मेगावॉट आहे. नंतर कंपनी रिलायन्सकडे गेली. २०१८ साली ती अदानींकडे आली.

कोळशाची वीज कशी होते? कोळसा आगगाडीने येतो. तो पिठासारखा बारीक दळतात आणि भट्टीत जाळतात. त्या आचेने पाण्याची वाफ होते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने थडथडते, ते तुम्ही पाहिलेच आहे. इथे वाफेचा जोर फार मोठा. तो लोखंडी चक्र गरगर फिरवतो. चक्राबरोबर जनित्र फिरते आणि वीज निघते.

पण कोळसा जळला की धूर आलाच. डहाणू म्हणजे चिकूच्या बागांचा मुलूख. बागांचे काय होईल, अशी तिथल्या लोकांना काळजी वाटली. ते कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वीजघराला परवानगी राहू दिली. तरी लोक गप्प बसले नाहीत. १९९६ साली कोर्टाच्या हुकमाने डहाणूच्या रक्षणासाठी एक प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धूर धुण्याचे यंत्र बसवा, असे त्यांनी कंपनीला बजावले. २००७ साली ते बसले. धुरातला गंधकाचा वायू ते खाऱ्या पाण्याने धुऊन काढते.

आता तुमचे विजेचे बिल हातात घ्या. त्यावर 'युनिट' लिहिलेले असतात. हजार वॉटची इस्त्री एक तास चालली, म्हणजे एक युनिट झाले. एका युनिटासाठी साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. तेव्हा खोलीत कोणी नसेल, तर दिवा-पंखा बंद करावा. आपले पैसे वाचतील, आणि कोळसाही तेवढा कमी जळेल.